वळिवड्याचा बाजार

जामनगरजवळ बालाचडीला पोलिश निर्वासित मुलांची छावणी होती. व्यवस्था चोख, स्वयंपाक सगळ्यांचा एकत्र. ताटात सारखा पालक यायला लागला तेव्हा मुलांनी संप पुकारला आणि तिथले संस्थानिक जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी आचाऱ्याला पालक बंद करायला सांगितलं, अशी आठवण ती मुलं पुढे म्हातारपणीही सांगत. कोल्हापूरशेजारच्या वळिवड्याच्या पोलिश छावणीत असा संप होण्याचं कारण नव्हतं. तिथे प्रत्येक बिऱ्हाडाची चूल वेगळी होती आणि हातात पैसे होते.

सोव्हिएत फौजांनी 1939 मध्ये पूर्व पोलंड घेतला आणि तिथली लाखो माणसं सैबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकली. 1941 मध्ये हिटलर रशियावर उलटला तेव्हा त्यांच्या सुटकेची वाट निघाली. 1942 मध्ये त्यांच्यातली काही इराणमार्गे बाहेर पडली. धडधाकट पुरुष सैन्यात गेले. उरलेल्या बायका, मुलं, वृद्ध यांच्यातले सुमारे 5,000 जण 1943 पासून वळिवड्यात राहिले. छावणीत शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. खर्च सुरुवातीला लंडनमधल्या पोलिश निर्वासित सरकारचा, आणि कुटुंबांना दरमहा भत्ता मिळे.

मला या भत्त्याचंच कुतूहल आहे. सैबेरियात मोजून मिळालेल्या पावावर जगलेली बाई आता कांदे घ्यायचे की अंडी, हे स्वतः ठरवत होती. आणि तिने मोजलेले पैसे परिसरातल्याच विक्रेत्याच्या गल्ल्यात पडत होते. छावणीतल्यांच्या आठवणींत पोलिश आकडे शिकलेले फेरीवाले येतात ते उगीच नाही. भाषा शिकावी असं गिऱ्हाईक होतं ते!

1948 मध्ये छावणी रिकामी झाली आणि त्याच जागेत फाळणीतले सिंधी निर्वासित आले. तेच आजचं गांधीनगर. या वेळी प्रश्न वेगळा होता. ही माणसं इथेच राहणार होती, त्यामुळे नुसत्या भत्त्यावर भागणारं नव्हतं, भांडवल हवं होतं. निर्वासितांना धंद्यासाठी कर्ज देण्याकरता केंद्राने 1948 मध्येच पुनर्वसन वित्त प्रशासनाचा कायदा केला. गांधीनगर मात्र सरकारी कर्जाने उभं राहिलं असं म्हणणं धाडसाचं होईल. पाठीवर कापडाचे गठ्ठे वाहून धंदा उभारणाऱ्यांचं श्रेय त्यात बुडेल. आज तिथे कापडाची मोठी घाऊक पेठ आहे.

वळिवड्यातली वस्तूंऐवजी पैसे देण्याची रीत जगाने पुढे नव्याने शोधल्यासारखी मांडली. तुर्कस्तानात 2016 पासून सिरियन निर्वासितांना रेड क्रेसेंटच्या कार्डावर माणशी दरमहा 100 लिरा मिळू लागले. पुढे लाभार्थी 15 लाखांवर गेले. ‘हातात पैसे दिले की उधळतील’ ही शंका मात्र सगळीकडे सारखीच. ती घेणारे स्वतःचा पगार धान्यात मागत नाहीत.

वस्तू की पैसे हा प्रश्न कोल्हापुरात पुन्हा आला तो ऑगस्ट 2019 मध्ये, पंचगंगेला महापूर आला तेव्हा. आधी 10 किलो गहू, 10 किलो तांदळाचा आदेश निघाला, त्यातही घर दोन दिवसांहून अधिक पाण्यात हवं अशी अट. लोक भडकले. मग सानुग्रह अनुदानाचे पैसे आले, काही रोख, काही खात्यात. घर धुऊन काढायचं तर फिनेल लागतं, खराटा लागतो, मजूर लागतो. गव्हाने चिखल निघत नाही.

शेतीचं गणित आणखी अवघड. केंद्राच्या तेव्हाच्या निकषांत बागायतीला हेक्टरी 13,500 रुपये, तेही 2 हेक्टरपर्यंत. राज्याने त्यावर भर घातली. पण ऊस वर्ष-दीड वर्ष रानात उभा असतो. बेणं, खत, पाणी, सोसायटीचं कर्ज पुराच्या आधीच झालेलं असतं.

आणि पंचनामा होतो सातबाऱ्यावर. ज्याचं नाव उताऱ्यावर, मदत त्याच्या खात्यात. खंडाने रान कसणाऱ्याचा खंड बहुतेक वेळा तोंडी ठरलेला, कागद कुठेच नाही. वळिवड्यातल्या पोलिश बाईकडेही इथला जमिनीचा कागद नव्हता. तिला भत्ता मिळत होता तो छावणीच्या यादीत तिचं नाव होतं म्हणून. इथे खंडाने कसणाऱ्याच्या नावाची अशी यादी नाही. बेणं कुजलं, उसनवारी डोक्यावर राहिली, आणि मालकाच्या खात्यात आलेल्या रकमेतलं काही हातावर पडेल का, हे विचारायला तोच मालकाच्या दारी जातो.