आडव्या इंजिनाची गाडी

बालमित्रांनो, खोली लहान आणि खाट लांब असली, तर आई काय करते? उभी मावत नाही म्हणून खाट आडवी लावते. झालं काम! इटलीतल्या काही तरुणांनी हीच युक्ती एका मोटारीत केली आणि ती गाडी जगभर गाजली. तिचं नाव लाम्बोर्गिनी मिउरा.

लाम्बोर्गिनी हे आडनाव आहे, बरं का! फेरुच्चो लाम्बोर्गिनी यांचा जन्म १९१६ सालचा, शेतकऱ्याच्या घरातला. पण त्यांचं मन यंत्रांत रमायचं. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी लष्कराच्या गाड्या दुरुस्त केल्या. युद्ध संपल्यावर लष्कराच्या टाकून दिलेल्या गाड्यांचे भाग जोडून ते ट्रॅक्टर बनवू लागले. धंद्यात जम बसला. मग १९६३ साली त्यांनी सांतागाता या गावी मोटारींचा कारखाना काढला.

त्यांना बनवायच्या होत्या ‘ग्रँड टूरिंग’ गाड्या. म्हणजे वेग भरपूर, पण लांबच्या प्रवासात अंग आंबणार नाही अशा. शर्यतीच्या भानगडीत पडायचं नाही, हे त्यांनी पक्कं ठरवलं होतं.

पण कारखान्यातली पोरं गप्प बसतात का! जान पाओलो दल्लारा आणि पाओलो स्तांझानी हे इंजिनिअर, तर बॉब वॉलेस गाड्या चालवून पारखणारा. तिघंही तिशीच्या आतले. कामाची वेळ संपली, की रात्री त्यांचं डोकं चालायचं. शर्यतीच्या गाडीसारखं इंजिन चालकाच्या पाठीमागे बसवलं तर? वजन मध्याजवळ येईल, गाडी चपळ वळेल. अडचण एकच. इंजिन होतं बारा सिलिंडरचं, लांबलचक. उभं बसवलं तर गाडीही तेवढी लांब होणार!

उत्तर मिळालं एका चिमुकल्या गाडीकडून. ब्रिटनमध्ये १९५९ साली ‘मिनी’ नावाची स्वस्त गाडी निघाली होती. जागा वाचवायला तिचं इंजिन आडवं ठेवलं होतं आणि इंजिन व गिअरबॉक्स यांना तेल एकच होतं. आपल्या तरुणांनी तीच कल्पना उचलली. लहान गाडीकडून शिकायला त्यांना कमीपणा वाटला नाही.

मालकांनीही परवानगी दिली. गाडी फारशी खपणार नाही, पण कारखान्याचं नाव तर होईल, असा त्यांचा हिशेब. १९६५ च्या नोव्हेंबरमध्ये तुरीनच्या प्रदर्शनात नुसता सांगाडा मांडला, तरी लोकांची झुंबड उडाली! मग मार्चेल्लो गांदिनी या तरुणाने तिला देखणं रूप दिलं. उंची जेमतेम १०५ सेंटीमीटर, म्हणजे चौथी-पाचवीतल्या मुलाच्या खांद्याइतकी. दिव्यांभोवती चक्क पापण्या! १९६६ च्या मार्चमध्ये ती जिनिव्हात झळकली. ताकद ३५० अश्वशक्ती, वेग ताशी सुमारे २७५ किलोमीटर. नाव दिलं स्पेनमधल्या झुंजीचे बैल पाळणाऱ्या मिउरा घराण्याचं.

गाडीत खोट नव्हती असं नाही हं. आत इंजिनाचा आवाज आणि उकाडा फार. पेट्रोलची टाकी पुढे. ती रिकामी होत आली, की नाक हलकं होई आणि भरवेगात गाडी डगमगे. चुका सुधारत सुधारत १९७३ पर्यंत साडेसातशेहून थोड्या अधिक गाड्या बनल्या. इंजिन चालकाच्या मागे बसवण्याची पद्धत मात्र पुढे अनेक वेगवान गाड्यांनी उचलली.

पालकहो, तुमच्यासाठी एक गोष्ट. त्या पोरांच्या रात्रीच्या उद्योगाला मालकांनी ‘बंद करा’ म्हटलं असतं, तर मिउरा जन्मलीच नसती. तेव्हा घरातलं बंद पडलेलं घड्याळ कुणी खोलून बसलं, तर लगेच रागावू नका.

आणि मुलांनो, खोललेलं घड्याळ पुन्हा जोडायचं मात्र तुम्हीच!