दुकानाचा बोर्ड दिवेलागणीला लागत नाही? या क्रमाने तपासा

ऐन संध्याकाळच्या गर्दीत बोर्ड अंधारात असला, की गिऱ्हाईक दुकान बंद समजून पुढे जातं. सूर्यास्ताला बोर्ड लावणारी आणि सूर्योदयाला बंद करणारी स्क्रिप्ट बसवून देणं हा म्हणूनच चांगला जोडधंदा आहे.

‘साधा टायमर का नको?’ असं गिऱ्हाईक विचारणारच. सांगा: नंदुरबारला नोव्हेंबरअखेर सूर्य ५.५० च्या सुमारास मावळतो, जूनअखेर ७.१८ च्या सुमारास. जवळपास दीड तासाचा फरक! टायमर दर थोड्या दिवसांनी कोण बदलणार?

आता ‘बोर्ड लागत नाही’ असा फोन आला, तर लगेच स्विच बदलायला घेऊ नका.

१. टाइमझोन : साडेपाच तासांचा घोळ दिसतोय? मग कंट्रोलर यूटीसीवर आहे. ‘एशिया/कोलकाता’ निवडा.

२. लोकेशन : टाइमझोनच्या नावात कोलकाता असलं, तरी अक्षांश-रेखांश दुकानाचेच टाका. भारताचं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर चालतं, नंदुरबार साधारण ७४.२ वर. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे आपला सूर्य ३३ मिनिटं मागे. चुकून नागपूरचं लोकेशन राहिलं, तर बोर्ड रोज सुमारे २० मिनिटं आधीच लागेल.

३. वीज : सूर्यास्ताचा इशारा एकदाच येतो. नेमकी तेव्हाच वीज गेली आणि अर्ध्या तासाने आली, तर स्क्रिप्ट उद्याची वाट बघत बसते, बोर्ड रात्रभर बंद. उपाय सोपा आहे. कंट्रोलर सुरू होताच ‘सूर्य आत्ता क्षितिजाखाली आहे का?’ हे तपासायला लावा. असेल तर बोर्ड लावा.

४. मध्यरात्र : ‘आजच्या सूर्यास्तानंतर आणि आजच्या सूर्योदयाआधी’ ही अट कधीच खरी होत नाही, कारण बारा वाजता तारीख बदलते. तिथे ‘आणि’ नाही, ‘किंवा’ हवं.

काम सोपवताना अंधार पडल्यावर कंट्रोलरची वीज बंद करून पुन्हा चालू करा. बोर्ड आपोआप लागला पाहिजे. ही चाचणी गिऱ्हाइकासमोर करा, मगच बिल हातात द्या. फुकटच्या फेऱ्या वाचल्या, तरच या कामात नफा उरतो.