माहूरच्या पायथ्याशी एक रात्र

श्रीदत्तात्रेयांविषयी आपल्याकडे एक जुनी श्रद्धा आहे. देव स्नान काशीला करतात, भिक्षा कोल्हापुरात मागतात आणि निद्रेला मात्र माहूरला येतात. सर्वत्र संचार करणाऱ्या देवालाही रात्रीच्या मुक्कामाला डोंगर लागतो. मग बारमाही शेतात राबणाऱ्या माणसाने वर्षातून एक रात्र डोंगराच्या सावलीत काढली, तर त्यात वावगे ते काय? असा विचार करून दिग्रसकडचे आम्ही पाच मित्र गेल्या पौषात एका शनिवारी माहूरला मुक्कामाला गेलो. त्या दोन दिवसांची ही हकीकत. ज्यांना असे जायचे असेल, त्यांच्या उपयोगाच्या चार गोष्टीही तिच्यात आहेत.

दिग्रसकडच्या माणसाला माहूर नवे नाही. लग्न झाले की जोडप्याने रेणुकामातेच्या पाया पडायला जायचे, नवस फेडायला जायचे, दत्तजयंतीला जायचे. पण हे सारे जाणे धावपळीचे. दर्शनाची रांग, तांबुलाचा प्रसाद आणि दिवस मावळायच्या आत परत. नवस नाही, जत्रा नाही, तरी मुक्कामाला जायचे म्हटल्यावर घरोघरी एकच प्रश्न आला, "मंग कायले जाता?"

कारण होते. आमच्यातला एक जण दिवाळीपासून गप्प झाला होता. पारावर येणे त्याने सोडले होते. रस्त्यात भेटला तर "काम हाये" म्हणून पुढे जाई. विचारले तर "काई नाई" एवढेच उत्तर. पाचांपैकी एक शाळेत गुरुजी आहेत. ते म्हणाले, "याले घराबाहेर काढा. घरी तो बोलनार नाई." म्हणून हा बेत.

आधी घरची सोय

शेतकऱ्याला सुटी देणारा साहेब नसतो, हे खरे. पण त्याला अडवणारी धन्याहून कडक मंडळी गोठ्यात बांधलेली असतात. बैलांचे चारापाणी, गाईचे दूध, आणि सध्याच्या दिवसांत सर्वांत मोठी चिंता म्हणजे रात्रीची जागल. हरभरा घाट्यावर आलेला, तूर शेंगांनी लदलेली. अशा वेळी एक रात्र राखण चुकली तर रोही आणि रानडुकरे सकाळपर्यंत अर्धा एकर झोपवून ठेवतात.

यावर तोड जुनीच निघाली. ती म्हणजे सावड. शेजारच्या चार शेतकऱ्यांना आम्ही सांगितले, "या शनिवारी तुम्ही आमची शेते राखा, पुढच्या दोन शनिवारी आम्ही तुमची राखतो." एका रात्रीला दोन रात्रींचा सौदा कोणाला नको? ओलिताची पाळी शुक्रवारीच उरकून घेतली. दूध काढण्याचे काम घरच्या बायांवर पडले. त्याची भरपाई पुढे करावी लागली, ते शेवटी सांगतो.

वाटेवर

शनिवारी गुरुजींची शाळा सुटल्यावर निघालो. दिग्रसहून माहूरला आर्णीमार्गेही जाता येते. आम्ही पुसदचा रस्ता धरला. डोंगरांनी वेढलेले पुसद मागे टाकून महागाव तालुक्यात उतरायचे आणि धनोड्यापाशी पैनगंगा ओलांडायची. नदीच्या अलीकडे यवतमाळ जिल्हा, पलीकडे नांदेड जिल्हा. पावसाळ्यात मात्र या वाटेने जाणाऱ्याने नदीची चौकशी करूनच निघावे. पुलावरून पाणी वाहत असेल तर गुडघाभर दिसते म्हणून गाडी घालू नये. वाहत्या पाण्याचा जोर वरून दिसत नाही.

महागाव तालुक्यातून जाताना चिलगव्हाणचे नाव निघाले आणि गाडीतल्या गप्पा थांबल्या. याच गावच्या साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह १९ मार्च १९८६ रोजी वर्धा जिल्ह्यातील पवनार येथे जीवनयात्रा संपवली. महाराष्ट्रात गाजलेली ती पहिली शेतकरी आत्महत्या मानली जाते, आणि अलीकडे १९ मार्चला अनेक ठिकाणी लोक अन्नत्याग करून त्या कुटुंबाची आठवण करतात. ते गावचे सरपंच राहिलेले, भजन-संगीताची आवड असलेले गृहस्थ होते. म्हणजे चार माणसांत वावरणारा माणूसही आतून किती एकटा पडू शकतो, हे त्या घटनेने दाखवले. आमचा गप्प मित्र खिडकीबाहेर पाहत होता.

तळ कुठे द्यावा

शहरातली तरुण मंडळी तंबू पाठीला लावून डोंगरावर जातात. आपल्याला त्याची गरज नाही, पण तळ कुठे द्यावा याचे भान मात्र हवे. राखीव जंगलात परवानगीवाचून मुक्काम करणे आणि विस्तव पेटवणे हा गुन्हा आहे. माहूरच्या आसपास सागाचे जंगल आहे. वाळलेल्या पाचोळ्यात पडलेली एक ठिणगी डोंगर काळा करते. जंगलात बिबट्या असतो, अस्वल असते. म्हणून मुक्काम एक तर धर्मशाळेत किंवा भक्तनिवासात करावा, नाही तर पायथ्याच्या कोणा ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या शेतात करावा. आम्ही दुसरा मार्ग पत्करला. गुरुजींच्या नात्यातल्या एकाचे शेत गावालगत होते. सोयाबीन निघून रिकामे झालेले खळे त्याने आनंदाने दिले.

सोबत काय न्यावे? जाड चवाळे किंवा ताडपत्री, घोंगड्या, दोन विजेऱ्या, एक दोर, पिण्याच्या पाण्याची कॅन, माचीस आणि प्रत्येकाची नेहमीची औषधे. डोंगरावर चढताना पायात बूट असावेत, चपला नसाव्यात. पौषात आपल्याकडे पहाटे हाडे गोठवणारी थंडी पडते, तेव्हा कानटोपी विसरू नये.

सापांबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. थंडीत साप कमी दिसतात, पण नसतातच असे नाही. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, सूजही येत नाही. म्हणून शक्य तर बाजेवर झोपावे. जमिनीवर झोपायचे तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचाव्यात. दंश झालाच तर चिरा देऊ नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. तो भाग हलवू न देता माणसाला थेट सरकारी दवाखान्यात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. शेतात जागल करणाऱ्यांनीही हे पाठ करून ठेवावे.

रोडगे आणि रायबाघन

संध्याकाळी गोवऱ्यांचा जगरा पेटवला. वऱ्हाडी माणसाची वनातली पंगत म्हणजे रोडगे. गव्हाची जाडसर कणीक घट्ट मळायची, तेल लावून एकात एक पुऱ्या गुंडाळत गोळा करायचा आणि जाळ निवून निखारे झाले की त्यात पुरायचा. घाई केली तर वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. सोबत फोडणीचे वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. आमचा गप्प मित्र रोडग्यांत वाकबगार. त्या रात्रीही त्याने एक अक्षर न बोलता वीस रोडगे भाजले.

जेवणे आटोपल्यावर गुरुजींनी माहूरच्या रायबाघनीची गोष्ट काढली. रायबाघन म्हणजे सावित्रीबाई, माहूरच्या देशमुख घराण्यातली बाई. मोगलांच्या बाजूने लढणारी, आणि शौर्याबद्दल ही पदवी मिळवलेली. १६६१ च्या फेब्रुवारीत मोगल सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन सह्याद्री उतरत होता. रायबाघन त्याच्या सोबत होती. उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्या फौजेला दोन्ही बाजूंनी कोंडले. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना, प्यायला पाणी मिळेना. तेव्हा रायबाघनीने खानाला सांगितले, की आता हट्ट सोडा आणि शिवाजीराजांकडे वकील पाठवून अभय मागा. खानाने ऐकले. खंडणी आणि सामानसुमान गेले, पण माणसे जिवंत बाहेर पडली.

"सरदार खान होता," गुरुजी म्हणाले, "पन शहानपन त्या बाईपाशी होतं. कोंडीत सापडलं तं बोलाव लागते. बोलन्यात कमीपना नसते."

कोणी काही बोलले नाही. जगरा विझत आला होता. मग बऱ्याच वेळाने तो बोलला.

"मले नोटीस आली हाये. कर्जाची. दोन महिने झाले. पेटीत ठिवली. घरी कोनाले सांगतलं नाई."

आणि मग तो थांबलाच नाही. कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली आणि अर्धी बोंडे किडली. वेचणीचे पैसे द्यायला म्हणून कापूस घाईत कमी भावाने विकला. मुलीच्या शिक्षणासाठी हातउसने घेतलेले वेगळेच. नोटीस आल्यापासून झोप नव्हती. रात्री जागलीला मळ्यात एकटा बसला की नको ते विचार येत. कसले विचार, ते त्याने सांगितले. ते इथे लिहीत नाही.

आमच्यातल्या कोणीही त्याला उपदेश केला नाही, "आधी का नाई सांगतलं" म्हणून रागावलाही नाही. शेजारी बसलेल्याने निखाऱ्यावर आणखी एक गोवरी ठेवली आणि एवढेच म्हटले, "सोमवारी नोटीस घेऊन ये. आपुन दोघं संगं जाऊ."

त्या रात्री मला एक गोष्ट उमगली. उघड्यावर रात्र काढणे आपल्याला नवे नाही. वर्षातल्या किती तरी रात्री आपण मळ्यात चांदण्याखाली काढतो. पण त्या एकट्याने काढतो. मनातला भुंगा कोरत राहतो आणि ऐकायला फक्त रातकिडे असतात. डोंगराने काही निराळी जादू केली नाही. एवढेच झाले, की चार माणसे रात्रभर त्याच्याजवळ होती आणि कोणालाच घरी परतायची घाई नव्हती.

तीन शिखरे

रविवारी पहाटे उठून चढलो. माहूरला रेणुकामाता, दत्तात्रेय आणि अनसूया अशी तीन शिखरे आहेत. रेणुकामातेचे स्थान साडेतीन शक्तिपीठांपैकी एक पूर्ण पीठ. गाभाऱ्यात देवीचे मुख तेवढे दिसते. गावाकडच्या बाजूला महानुभाव पंथाचे देवदेवेश्वरी मंदिर आहे, तेही अवश्य पाहावे. समोरच्या डोंगरावर रामगड किल्ला आहे. त्याची तटबंदी अजून उभी आहे, आत तलाव आहे. जुन्या तटांवर आणि कड्यांवर आग्या मोहोळ असते. तिथे विडी पेटवू नये, धूर करू नये, दगड मारू नये, आरडाओरडा करू नये. मधमाश्या उठल्या तर पळायलाही जागा नसते. माकडांना खाऊ घालू नये आणि प्रसादाची पिशवी हातात लोंबती ठेवू नये.

वरून पाहिले की चारही बाजूंना डोंगरांच्या रांगा आणि सागाचे रान दिसते. नदीच्या पलीकडे आपला जिल्हा. इतक्या वरून बांध दिसत नाहीत, कोणाचे शेत कुठे संपते ते कळत नाही. आमचा मित्र बराच वेळ तिकडे पाहत उभा होता. उतरताना मात्र तो सगळ्यांच्या पुढे होता, आणि पारावर म्हणायचा तसा मोठ्याने गुरुजींच्या चालण्याची चेष्टा करत होता.

पुढे काय झाले

वाचकांना वाटेल, एका रात्रीत सारे सुरळीत झाले. तसे झाले नाही. कर्ज अजून आहे. सोमवारी दोघे बँकेत गेले, नोटीस दाखवली, हप्ते पुन्हा बांधून मिळावेत म्हणून अर्ज दिला. त्याचे उत्तर यायचे आहे. फरक पडला तो इतकाच, की आता नोटीस पेटीत नाही आणि त्याच्या घरच्या बाईलाही सारे ठाऊक आहे. रात्रीच्या जागलीला त्याच्यासोबत आळीपाळीने आमच्यातला एक जण असतो.

असा कोणी गप्प झालेला माणूस तुमच्या ओळखीत असेल, तर त्याला विचारायला कचरू नका. बोलायला जवळ कोणी नसेल तर १४४१६ या क्रमांकावर शासनाची टेलि-मानस सेवा आहे. फोन करायला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.

आता राहिली घरच्या बायांची गोष्ट. आम्ही परतलो, तेव्हा दुधाच्या चरव्या घासता घासता एकीने विचारले, "तुमचं झालं फिरनं. मंग आमी कवा जाचं?" उत्तर कोणापाशी नव्हते. माघात तूर घरात आली आणि पाचही घरच्या बाया, सोबत दोन म्हाताऱ्या, माहूरला मुक्कामाला गेल्या. धर्मशाळेत राहिल्या, तिन्ही शिखरे चढल्या. त्या रात्री गाई आम्ही दुहिल्या आणि भाकरीही आम्हीच थापल्या. भाकरी कशा झाल्या ते विचारू नका. बाया तिथे रात्रभर काय बोलल्या, ते त्यांनी आम्हाला अजून सांगितलेले नाही.