छत्तीस फोटोंचा हिशेब

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटातल्या एका ताईंचे यजमान अपघातात गेले. तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो हवा होता. फोटो शेकड्यांनी, पण सगळे त्यांच्या मोबाईलमध्ये, आणि मोबाईलचा पार चुराडा! शेवटी कपाटात लग्नाच्या अल्बममागे निगेटिव्हची पाकिटं सापडली. स्टुडिओवाल्यानं त्यावरून छान मोठा फोटो करून दिला. बावीस वर्षांपूर्वीचा, मुंडावळ्या बांधलेला. ताई बघतच राहिल्या. म्हणाल्या, "वहिनी, हे तर नवरदेव. आमचे हे कुठं आहेत यात?"

ते ऐकून मला आमच्या घरातला २००६ सालचा वाद आठवला. लेकीचा पहिला वाढदिवस तोंडावर आला होता. ह्यांना डिजिटल कॅमेरा हवा होता, मला आपला रोलचाच बरा वाटे. रोलमध्ये फोटो छत्तीस. कुणाचे डोळे मिटले, कुणाचं डोकं कापलं गेलं, ते धुऊन आल्यावरच कळायचं. पाडव्याला काढलेला फोटो कधी कधी दिवाळीला बघायला मिळे! पण पैसे मोजलेले असायचे, म्हणून प्रत्येक फोटो अल्बममध्ये जायचा.

वाद ह्यांनी जिंकला, आणि त्यात चूक काहीच नव्हती. पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ साली कोडॅक या रोल विकणाऱ्या कंपनीतच स्टीव्हन सॅसन या इंजिनीअरने बनवला, आणि २०१२ मध्ये त्याच कंपनीवर दिवाळखोरीचा अर्ज करायची वेळ आली. फोटो लगेच दिसणार, नको तो पुसता येणार, कितीही प्रती काढा, दर्जा तोच. रोजच्या फोटोंना याहून सोयीचं काय?

आता लेक कॉलेजात जाते आणि तिलाच रोलच्या कॅमेऱ्याची हौस आली आहे. मी म्हटलं, हौस म्हणून घे. पण रोल महाग, आणि आपल्या गावात धुऊन देणारं आता कुणी नाही. घरच्या आठवणींसाठी हातातला मोबाईल पुरे. फक्त रोलची शिस्त तेवढी ठेव.

मैत्रिणींनो, आम्ही घरात ठरवलंय, वर्षाला छत्तीस फोटो निवडून छापून घ्यायचे. मागे पेन्सिलीनं नाव, तारीख लिहायची. बाकीच्या फोटोंची प्रत मोबाईलखेरीज आणखी दोन ठिकाणी ठेवायची. आणि जुन्या निगेटिव्ह रद्दीत टाकू नका. बोटं न लावता, कोरड्या जागी जपा.

परवा माझ्याच मोबाईलमध्ये आमच्या हळदीकुंकवाचे फोटो चाळत होते. एका फोटोत कोपऱ्यात ताईंचे यजमान खुर्च्या मांडताना हसत होते. तो मोठा करून छापून घेतला आणि ताईंकडे नेला. त्यांनी पदरानं काच पुसली. म्हणाल्या, "हं, हे आमचे."