पाय घसरला, तो कोणाचा?

आंबोलीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. बेळगावातून निघताना चक्क ऊन असते आणि वर पोचेपर्यंत पुढची गाडी दिसेनाशी होते. गेल्या जुलैत तिथल्या धबधब्यासमोर माझा कॅमेरा ट्रायपॉडसकट आडवा झाला. पाणी रेशमासारखे यावे म्हणून शटर अर्धा-एक सेकंद उघडे ठेवावे लागते. तेवढ्यात ट्रायपॉडचा एक पाय हळूच आत सरकला आणि लेन्स थेट कातळावर!

ट्रायपॉड उभा केला होता माझ्या भाच्याने. लग्नसराईत तोच माझा उजवा हात. "घट्टच केलो होतो की मामा," एवढेच तो म्हणाला. मी मात्र शिनोळी येईपर्यंत त्याला बोलत होतो. लेन्सच्या दुरुस्तीतले दोन हजार त्याच्या पगारातून कापलेदेखील.

चार दिवसांनी ट्रायपॉड पुसायला घेतला. पाय वरखाली करण्यासाठी त्याला फिरकीचे लॉक आहेत, म्हणजे बरणीच्या झाकणासारखी गोल कडी पिळायची. ती कडी आवळली की आतल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या नळीला घट्ट धरतात. सरकलेल्या पायाची कडी पूर्ण सोडवली, तर आट्यांतून रेती पडली. मे महिन्यात हरमलच्या किनाऱ्यावर एका जोडप्याचे फोटो काढले होते, तिथली! घरी येऊन मी ट्रायपॉड तसाच पिशवीत कोंबला होता. रेती अडकली की कडी मध्येच जड होते. हाताला वाटते घट्ट बसली; आत पट्टीने नळी धरलेलीच नसते. पोराने खरोखरच घट्ट केले होते.

नवा ट्रायपॉड घ्यायचे ठरले तेव्हा आमच्या घरात यावरून आठवडाभर वाद रंगला. दुसरा प्रकार खटक्याचा. दुकानदार त्याला फ्लिप लॉक म्हणतात. पट्टी उचलली की पाय सुटतो, दाबली की बसतो. भाच्याचे मत फिरकीला. पाय मिटलेले असताना एका पायाच्या सगळ्या कड्या एकाच मुठीत येतात आणि एका पिळात सुटतात. शिवाय बाहेर काही डोकावत नाही. हे त्याचे म्हणणे खोटे नाही. एका हळदीच्या कार्यक्रमात खटक्याच्या ट्रायपॉडमध्ये नवरीच्या मावशीचा पदर अडकलेला मी पाहिला आहे. ट्रायपॉड वाचला, पदर नाही!

माझे मत खटक्याला, आणि कारण एकच. तो उघडा आहे की मिटलेला हे लांबून दिसते, अंधारात बोटाला कळते. कडी किती पिळली गेली हे डोळ्यांना दिसत नाही. त्यात ट्रायपॉड उलटा धरला की कोणत्या बाजूला पिळायचे यात अनुभवी माणूसही फसतो. खटक्याचीही खोड आहेच. वापरून वापरून तो सैल पडतो. पण त्याच्या बाजूला एक छोटा नट किंवा स्क्रू असतो, तो पाव फेरा आवळला की काम झाले. त्याची किल्ली बहुतेक वेळा खोक्यातच येते. आपण खोके फेकतो, किल्ली त्याच्याबरोबर जाते.

खरे तर लॉक कोणते यापेक्षा लॉक किती, हे आधी मोजावे. चार टप्प्यांच्या पायाला तीन लॉक, म्हणजे तीन पायांना नऊ. तीन टप्प्यांचा घेतला तर सहाच. मिटल्यावर तो लांब राहतो, स्कूटरवर न्यायला जरा अडचण होते. पण चुकायला तीन जागा कमी! आम्ही तीन टप्प्यांचा, खटक्याचा घेतला.

आणखी एक. ओढ्यात किंवा चिखलात उभे करताना सर्वांत खालचा बारीक टप्पा आधी पूर्ण बाहेर काढावा, म्हणजे लॉक पाण्याच्या वर राहते. एरवी जाड टप्पे आधी. कॅमेरा चढवण्यापूर्वी दोन्ही हातांनी वरून भार द्यावा. सरकायचा तो पाय तिथेच सरकतो. समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुवावे, फिरकीची कडी असेल तर पूर्ण सोडवून मऊ ब्रशने घासावी, आणि वाळल्यावर आट्यांना किंचित ग्रीस लावावे. खोबरेल तेल नको, त्याला धूळ चिकटते. आतल्या पट्ट्या कोणत्या बाजूने होत्या हे बघून ठेवावे. मी ठेवले नव्हते, म्हणून एक रविवार गेला.

जुना ट्रायपॉड आता स्वच्छ होऊन मंगल कार्यालयांत चालतो, पदरांना सुरक्षित. दोन हजार मी भाच्याला परत दिले आणि रेतीची गोष्टही सांगितली. तो म्हणाला, "मामा, त्या दिवशी शिनोळीत चहासुद्धा पाजला नव्हता तुम्ही." पुढच्या खेपेला शिनोळीत थांबलो. चहाबरोबर भजीही घेतली.