हवेवर उभी असलेली गाडी : जॅक लावण्यापूर्वी एवढे करा

आम्ही कापडाचे व्यापारी, गाड्यांचे जाणकार नव्हे. तरीही आज गाडीवर लिहीत आहोत, त्याला कारण आहे. मागच्या पावसाळ्यात कल्याण-शीळ रस्त्यावर आमच्या डोळ्यांदेखत एक प्रकार घडला. ओळखीच्या एका दुकानदाराने लग्नसराईत भाड्याने देण्यासाठी जुनी, महागडी गाडी घेतली होती. तिचे चाक पंक्चर झाले. पंक्चरवाल्या मुलाने नेहमीप्रमाणे जॅक लावून चाक काढले. तेवढ्यात मालकाने पंखा लावण्यासाठी किल्ली फिरवली. सूं असा आवाज झाला, गाडी झुकली आणि जॅक निसटला. मुलाचा हात क्षणापूर्वीच बाहेर आला होता, म्हणून वाचला. कारागिराचा हात म्हणजे त्याच्या घरची चूल.

चूक मुलाची नव्हती. ही गाडी हवेवर चालते हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

साध्या गाडीचे वजन लोखंडी स्प्रिंगवर किंवा पाट्यांवर असते. एअर सस्पेन्शनच्या गाडीत त्या जागी रबराचे फुगे असतात. कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो. चाकांजवळचे सेन्सर गाडीची उंची सतत मोजतात. माल किंवा माणसे चढली की हवा वाढते, उतरली की कमी होते. ठाण्याहून पुण्याला जाणारी शिवनेरी याच तत्त्वावर हलत-डुलत न जाता सरळ पळते.

घोटाळा होतो तो जॅकमुळे. जॅकने गाडी उचलली की चाक खाली लोंबते. सेन्सरला वाटते, गाडी फारच उंच झाली. मग यंत्रणा हवा सोडते किंवा दुसऱ्या बाजूची उंची बदलते. गाडी आपोआप हलते आणि जॅक सरकतो. शिवाय रिकामा झालेला फुगा गाडी खाली घेताना चिमटून फाटू शकतो. त्याचा खर्च पंक्चरच्या कितीतरी पट असतो.

म्हणून पुढील क्रम पाळावा.

१) गाडी सपाट, कठीण जागी न्यावी. मुंब्रा बायपास किंवा गायमुख घाटाच्या उतारावर जॅक लावू नये. हँडब्रेक ओढावा, दिवे लुकलुकते ठेवावेत, समोरच्या तिरप्या चाकाला ठोकळा लावावा. माणसे आणि सामान खाली उतरवावे.

२) उंची बदलण्याची यंत्रणा बंद करावी. ऑडी क्यू-७ सारख्या गाडीत पडद्यावरच्या यादीत ‘जॅक मोड’ असतो, तो आधी चालू करावा लागतो. प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी असते, म्हणून गाडीसोबतचे पुस्तक पाहावे. त्यानंतर इंजिन बंद करावे, दारे लावावीत आणि किल्ली गाडीपासून दूर, मालकाच्या खिशात ठेवावी. काम संपेपर्यंत कोणीही दार उघडू नये.

३) चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करावेत. जॅक कंपनीने खूण केलेल्या जागीच लावावा. फुगा, प्लॅस्टिकची पट्टी किंवा चाकाचा दांडा यांखाली तो कधीही लावू नये.

४) जॅक हा उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. गॅरेजमध्ये घोडी लावावी. रस्त्यावर घोडी नसेल तर काढलेले चाक गाडीखाली आडवे सरकवावे. अंगाचा कोणताही भाग खाली नेऊ नये.

५) नवे चाक बसवून नट समोरासमोर आवळावेत, गाडी हळू उतरवावी, जमिनीवर पुन्हा घट्ट करावेत. मग इंजिन चालू करून जॅक मोड बंद करावा. गाडी आपल्या उंचीवर येईपर्यंत हलवू नये. पन्नास किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत.

गाडी आधीच एका बाजूला बसलेली असेल, तर फुगा किंवा नळी गळत असण्याची शक्यता आहे. अशी गाडी रस्त्यावर उचलण्याच्या भानगडीत पडू नये. सपाट पाट्याची टोइंग गाडी बोलवावी. भाडे लागेल, पण ते परवडते.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी सौदा करतानाच विचारून घ्यावे: गाडी स्प्रिंगवर आहे की हवेवर? बाण काढलेले उंचीचे बटण दिसले किंवा इंजिन सुरू होताच गाडी वर उठली, तर ती हवेवर आहे असे समजावे.

आणि दुकानावर बसणाऱ्या उस्तादांना आमची विनंती आहे. मोठी गाडी आली की पाना हातात घेण्यापूर्वी मालकाला हाच प्रश्न विचारा. तो चिडला तरी चालेल. मालकांनीही विचारण्याची वाट न पाहता स्वतःहून सांगावे. एका वाक्याने एखाद्याचा हात वाचतो.