श्लेष, श्लेष्मा आणि शेंबूड

शाळेत मराठीच्या तासाला श्लेष अलंकार आपण सर्वांनीच पाठ केलेला असतो. एकाच शब्दाला दोन अर्थ बिलगून बसले, की श्लेष साधतो. परंतु या सुसंस्कृत अलंकाराचा एक सख्खा भाऊ आपल्या नाकाघशात वस्तीला असतो, हे मास्तर सहसा सांगत नाहीत. त्याचे नाव श्लेष्मा. संस्कृतातील ‘श्लिष्’ धातूचा अर्थ आलिंगन देणे, चिकटणे. आश्लेष, संश्लेषण, विश्लेषण ही सारी त्याच घराण्यातील मंडळी. श्लेष्म्याला पालीत ‘सेम्ह’ आणि प्राकृतात ‘सिंभ’ म्हणत. आपल्या घरगुती शेंबडाचा ध्वनी त्यांच्या किती जवळचा आहे, हे वाचकांनीच कान देऊन ऐकावे.

आयुर्वेदाने श्लेष्म्याला, म्हणजेच कफाला, निव्वळ घाण मानले नाही. त्याचे पाच प्रकार सांगितले आणि सांध्यांना वंगण पुरविणाऱ्यास ‘श्लेषक’ असे नाव दिले. आधुनिक शरीरशास्त्रही त्याची उपयुक्तता मान्य करते. नाक, श्वासनलिका, जठर व आतडी यांना आतून श्लेष्मल त्वचेचे अस्तर असते. तेथील पेशी श्लेष्मा स्रवतात. त्यात सुमारे ९५ टक्के पाणीच असते. चिकटपणा येतो तो म्यूसिन नावाच्या प्रथिनांमुळे. श्वासाबरोबर आत गेलेली धूळ व जंतू त्यात अडकतात आणि पक्ष्माभिका नावाचे सूक्ष्म केस तो थर हळूहळू घशाकडे सरकवितात. जठर स्वतःच्याच तीव्र आम्लाने पोळत नाही, तेही मुख्यतः याच लेपामुळे.

पश्चिमेकडील नावांची कथा अधिक गमतीची आहे. ग्रीक भाषेत ‘फ्लेग्मा’ म्हणजे मुळात दाह. पुढे तोच शब्द थंड व ओलसर कफाला लागला. अरबीत तो ‘बलगम’ झाला आणि युनानी वैद्यकाबरोबर हिंदुस्थानात आला. हैदराबादेत वा ग्वाल्हेरीत आपल्या कानी पडणारा बलगम असा थेट ग्रीसहून आलेला आहे! लॅटिनमध्ये कफाला ‘पिट्यूइटा’ म्हणत. मेंदूतला कफ खालच्या एका ग्रंथीतून नाकात उतरतो, अशी समजूत असल्यामुळे त्या ग्रंथीचे नाव पिट्यूटरी पडले. १६६० च्या सुमारास विटेनबर्ग येथील कोनराड श्नायडर यांनी दाखवून दिले, की अशी वाटच नाही. शेंबूड नाकाच्या अस्तरातच तयार होतो. समजूत गेली, नाव मात्र राहिले. मराठीने त्याच ग्रंथीला ‘पीयूषिका’ म्हटले. कफाचे अमृत झाले ते असे!

शेंबडासाठी ग्रीकांचा आणखी एक शब्द होता, ‘मिक्सा’. श्लेष्म्यासारख्या मऊ ऊतीच्या गाठीला मिक्सोमा म्हणतात, तो त्यावरूनच. अवटू ग्रंथी मंदावल्याने त्वचा फुगून जाड होते, त्या विकाराला विल्यम ऑर्ड यांनी १८७८ मध्ये ‘मिक्सेडिमा’ हे नाव दिले. अशी ऊती नेहमी रोगाचीच असते, असे मात्र नाही. बाळाच्या नाळेतील रक्तवाहिन्यांभोवती जो बुळबुळीत गर असतो, तीही श्लेष्मल ऊतीच. १६५६ मध्ये तिचे वर्णन करणाऱ्या टॉमस व्हॉर्टन यांच्या नावाने ती ‘व्हॉर्टनची जेली’ म्हणून ओळखली जाते. नाळ दबली वा पिळली, तरी बाळाचा रक्तपुरवठा तुटू नये, यासाठी निसर्गाने घातलेली ही गादीच होय.

आता घरच्या उपयोगाचे. दोन आठवडे वा अधिक काळ खोकला राहिला, तर क्षयाची तपासणी करून घ्यावी लागते. त्या वेळी दवाखान्यात इंदूरला बलगम, बडोद्याला गळफो, बेळगावला कफ मागतात. मराठीत पुष्कळदा नुसते ‘थुंकी तपासणी’ म्हणतात, आणि घोटाळा होतो तो इथेच. रुग्ण तोंडातली लाळ डबीत थुंकून मोकळा होतो. हवा असतो तो छातीतून आलेला बेडका. लाळेत जंतू न सापडण्याचा संभव असतो. मग आजार असूनही अहवाल निर्दोष येतो आणि घरातल्या मुलाबाळांनाही धोका पोहोचतो. म्हणून सकाळी उठल्यावर पाण्याने चूळ भरावी, दीर्घ श्वास घ्यावा आणि खोलवर खोकून बेडकाच द्यावा.

तीच गोष्ट आवेची. ‘पोट बिघडले’ एवढेच सांगण्याऐवजी ‘आव पडते, रक्तही आहे’ असे सांगितले, तर वैद्याचे निम्मे काम हलके होते. हिंदी मुलखात हाच शब्द ‘आँव’ म्हणून चालतो, तेव्हा भाषेची अडचण नाही. अडचण असते ती संकोचाची. चारचौघांत हे शब्द आपण टाळतो, ते योग्यच आहे. परंतु वैद्यापुढे बसल्यावर शेंबूड, बेडका, थुंकी आणि आव यांतला नेमका शब्द वडीलधाऱ्यांनी निःसंकोच उच्चारावा आणि परमुलखात वाढणाऱ्या मुलांनाही तो शिकवून ठेवावा.